नको-यादीतला माणूस

माझ्या बायकोनं मला नको-यादीत टाकलं त्या दिवशी मी तिच्यापासून आठ फुटांवर खुर्चीत बसून कलिंगड खात होतो. आपण नवऱ्यालाच यादीत टाकलंय हे तिला माहीत नव्हतं, आणि आपण यादीत गेलोय हे मला. दोघांना कळलं तेव्हा साडेतीन महिने उलटून गेले होते, आणि तेवढ्यात आमचा सदतीस वर्षांचा संसार तिच्या डोक्यातून जवळजवळ निसटला होता.

नीट क्रमानं सांगतो. प्रयोगशाळेत उभं आयुष्य काढलेल्या माणसाला क्रम सोडून बोलता येत नाही. माझं नाव भरतेश शिरगुप्पे. जयसिंगपूरच्या बाजूच्या एका साखर कारखान्यात मी केमिस्ट होतो आणि दिवसभर उसाच्या रसाचा सामू तपासायचो. एखादी गोष्ट किती आम्ल आहे हे सांगणाऱ्या आकड्याला सामू म्हणतात. तो सात आला की ती गोष्ट धड आम्ल नाही, धड अल्कलीही नाही, तटस्थ. माझी बायको त्रिशला शाळेत जीवशास्त्र शिकवायची. आता दोघंही निवृत्त. मुलगी ऋजुता लग्न होऊन हुबळीला असते.

आमच्याकडे आता फाल्गुनापासून दिवाळीपर्यंत दुपारी बारा ते चार सगळं बंद असतं. उन्हानं माणसं मरायला लागल्यावर सरकारनं तसा कायदाच केला. जी वामकुक्षी माझ्या आजोबांना आळशी म्हणवून घेत चोरून काढावी लागायची, ती आम्हाला कायद्यानं मिळाली. दारोदार ओले वाळ्याचे पडदे सोडलेले असतात, रस्त्यावर नुसतं पांढरं ऊन पडलेलं असतं आणि एकूण एक माणूस डाव्या कुशीवर झोपलेला असतो. अशा वेळी खिडकीशी उभं राहिलं की मला वाटायचं, अख्ख्या गावाला मिळून एकच मोठं स्वप्न पडलंय आणि मी तेवढा त्याच्या बाहेर राहिलोय.

या झोपेच्या जिवावर ‘पडवी’ उभी राहिली. चित्रफितींच्या माऱ्याला कंटाळून माणसं पुन्हा लिहिण्या-वाचण्याच्या जुन्या चर्चास्थळांकडे वळली होती, त्यातलंच हे एक. सदस्य व्हायचं, आयडी घ्यायचा, धागा काढायचा, दुसऱ्याच्या धाग्यावर प्रतिसाद द्यायचा. कुणाशी खाजगी बोलायचं तर व्यक्तिगत निरोप, म्हणजे व्यनि, पाठवायचा. आवडला माणूस की मित्रयादीत घ्यायचा, नावडला की नको-यादीत ढकलायचा. काहीच लिहायचं नसेल तर वाचनमात्र राहायचं. आमच्या तरुणपणीही हे सगळं असंच होतं. नवीन होती ती स्वाक्षरी.

पूर्वी सदस्याच्या लिखाणाखाली त्यानं निवडलेली एखादी ओळ असायची. पडवीवर त्या जागी आवाज असतो. सदस्य होताना आपल्या घरातला दीड सेकंदाचा एक आवाज नोंदवून द्यायचा. तुमचं लिखाण कुणी उघडलं की तो हलकेच वाजतो. मग दुपारी कपाळाला पडवीची झोप टिपणारी पट्टी बांधून झोपलं की तोच आवाज झोपेत पुन्हा वाजतो, जाग येणार नाही इतका हळू.

यामागचं शास्त्र सोपं आहे. गाढ झोपेत मेंदूत संथ लाटा चालतात, साधारण सेकंदाला एक. जागेपणी जे घडलं ते मेंदू त्या लाटांवर पुन्हा एकदा चाळतो आणि ठेवण्याजोगं असेल ते कायमच्या जागी लावतो. फार वर्षांपूर्वी यावर प्रयोग झाले होते. माणसं काही शिकत असताना खोलीत गुलाबाचा वास सोडला, आणि ती गाढ झोपल्यावर तोच वास पुन्हा दिला, तर शिकलेलं जास्त पक्कं राहिलं. आवाजानंही हेच साधतं. पट्टी लाटेवर नजर ठेवून असते आणि लाट वर चढताना नेमका आवाज सोडते. सकाळी कुणी भेंडीवरच्या माव्याबद्दल लिहिलेलं वाचलं, की दुपारी त्याच्या आवाजासरशी ते मनात मुरतं. चार वाजता माणूस ताजातवाना आणि थोडा शहाणा होऊन उठतो. पडवीचे लाखभर सदस्य झाले ते काही उगीच नाही.

त्रिशला तिथल्या परसबाग विभागाची महाराणीच होती. तिच्या नावापुढे ‘ज्येष्ठ सदस्य’ ही पाटी, मित्रयादीत चार हजार माणसं. पितळी परातीत पावट्याचे दाणे ओतल्याचा आवाज ही तिची स्वाक्षरी. सातारा-सोलापूरपासून कुठकुठली माणसं दुपारी तो आवाज ऐकत झोपायची. मी माझ्या नावानं वाचनमात्र होतो. बायकोच्या धाग्यावर नवऱ्यानं येऊन काय लिहायचं, असा माझा संकोच.

एकदा तिनं लिहिलं, चुलीतली राख सगळ्या झाडांना मानवते. आता आमची काळी माती मुळात आठ सामूची, तीत राख टाकली की ती आणखी बिघडते. हे मी जेवताना सांगून पाहिलं. ती म्हणाली, तुमचा कारखाना तुम्ही कारखान्यातच ठेवा. मला ते लागलं. दुसऱ्या दिवशी मी पडवीवर दुसरा आयडी काढला: सामू सात. एका माणसाला दोन आयडी चालत नाहीत, पण कारखान्याचा जुना मेल पत्ता अजून चालू होता. स्वाक्षरीला आवाज हवा होता. त्रिशला झोपलेली होती. तिच्या उशाशी मी रोज पाण्याचा तांब्या ठेवतो आणि त्यावर फुलपात्र पालथं घालतो. लग्न झाल्यापासूनचं माझं ते काम आहे. त्याचाच आवाज नोंदवून टाकला.

खरं तर मी धास्तावलो होतो. तिनं माझा पहिला प्रतिसाद उघडला, आवाज झाला आणि ती म्हणाली, कुणाच्या घरातलं भांडं वाजतंय कोण जाणे. तिनं ओळखलं नाही याचं मला हायसं वाटलं आणि जरा वाईटही वाटलं.

पुढचे काही महिने मी मनापासून सुखात होतो. सामू सात धीटपणे बोलायचा. ती त्याला टोमणे मारायची, तो आकडे द्यायचा, चार हजार माणसं मजा बघायची. सदतीस वर्षांत घरी झाल्या नव्हत्या इतक्या गप्पा आमच्या तिथं झाल्या. मग चैत्रात तिनं उत्तरं द्यायची बंद केली. मी समजलो, माझ्या मुद्द्यांपुढं तिला बोलायला जागा उरली नाही.

घरात आधी बदल जाणवला तो चांगलाच वाटला. ती भांडेना. मी वर्तमानपत्र पसरून ठेवलं तरी चालायला लागलं. वाढताना ती म्हणायची, “घ्या हं, संकोच करू नका.” पाहुण्याला म्हणतात तसं. एकदा तिनं विचारलं, कारखान्यात तुम्ही कुठल्या खात्यात होता? मला वाटलं थट्टा करतेय. मग एका संध्याकाळी, आम्ही सूर्य मावळायच्या आत जेवतो, मी पाटावर येऊन बसलो तर एकच ताट वाढलेलं. ती मला बघून ओशाळली आणि माफी मागितली. त्रिशलानं माझी माफी मागितली.

ती मला ओळखत होती. नाव, नातं, वय सगळं बिनचूक सांगायची, पण जनगणनेच्या माणसाला सांगावं तसं. अल्बम काढला तर म्हणायची, हो, हे कोडाईकनाल, हे तुम्ही. त्यापुढं काही नाही. ऋजुता, शाळा, शेजारीपाजारी, बागेतलं रोपन् रोप तिला लख्ख आठवत होतं. आयुष्याच्या कापडातून कुणी एकच रंगाचा दोरा ओढून काढावा तसा मी तेवढा निघून गेलो होतो. मिरजेच्या डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या केल्या. मेंदू ठणठणीत आहे म्हणाले.

आषाढात एका सकाळी ती पडवी वाचत असताना मी सहज विचारलं, तो सामू सात हल्ली दिसत नाही का?

“त्याला मी चैत्रातच नको-यादीत टाकला,” ती म्हणाली. “फार छळायचा.”

मी आत जाऊन पडवीचं मदतपान उघडलं. ते कुणीच वाचत नाही, मीही वाचलं नव्हतं. नको-यादीतल्या सदस्याचं लिखाण तुम्हाला दिसणार नाही, असं लिहिलं होतं. खाली बारीक अक्षरांत आणखी होतं. लिखाण लपवलं तरी तो माणूस डोक्यात घोळत राहतो अशा तक्रारी आल्यामुळं सोय वाढवली आहे, आता झोपेतही त्याचा ठसा सैल केला जातो. पट्टी त्याचा आवाज लाट खाली उतरताना सोडते. त्या क्षणी मेंदू मिटलेला असतो. आवाजामागोमाग यायला निघालेली आठवण अर्धवट उठते आणि विस्कटते. रोज असं झालं की त्या आवाजाशी बांधलेलं सारं सुटत जातं.

सामू सातच्या आवाजाला त्याचे त्रेसष्ट प्रतिसाद बांधलेले होते आणि त्यांच्या खाली सदतीस वर्षांचा मी. तिला टायफॉइड झाला तेव्हाचा तो तांब्या, बाळंतपणातला तांब्या, भांडून पाठ फिरवून झोपलेली असतानाचा तांब्या. कानानं कधी दखल घेतली नव्हती, पण मनानं माझी सगळी गाठोडी त्या एका आवाजाला अडकवून ठेवली होती. पट्टी रोज दुपारी दोन तास ती सोडवत बसली होती. आणि मी शेजारी बसून वर्तमानपत्र वाचत होतो.

पडवीच्या प्रशासक शर्वाणी घैसास दापोलीला असतात. मी त्यांना व्यनि केला, खोट्या आयडीची कबुली दिली. दहा मिनिटांत त्यांचाच फोन आला. त्या म्हणाल्या, स्वाक्षरीचा आवाज स्वतःच्या घरातला असावा हा नियम आम्हीच केला, पण एकाच घरातला माणूस दुसऱ्याला नको-यादीत टाकेल हे आमच्या ध्यानात आलं नाही. त्या दिवसापासून त्यांनी ती झोपेतली सोय सगळ्यांसाठीच बंद केली. पण त्यानं त्रिशला परत येणार नव्हती. यादीतून काढलं की सुटणं थांबतं, सुटलेलं आपोआप बांधलं जात नाही.

“मग उपाय काय?” मी विचारलं.

“तुम्ही लिहायचं,” त्या म्हणाल्या. “फक्त तुम्हा दोघांना दिसेल असा धागा देते. त्या आयडीला मित्रयादीत घ्यायला सांगा. रोज सकाळी एक आठवण लिहा, त्यांनी ती वाचायची आणि दुपारी झोपायचं. बसेल हळूहळू. मात्र एक सांगते काका, झोप खरंखोटं तपासत नाही. तुम्ही लिहाल ते त्यांना घडलेलं म्हणूनच आठवणार.”

काम झालं की सामू सात बंद करावा लागेल, तो नियम त्यांना मोडता येणार नव्हता. मी हो म्हणालो.

त्रिशलाला सगळं सांगितलं तेव्हा ती रागावली नाही, हेच माझ्या काळजात रुतलं. शांतपणे ऐकून घेतलं, नको-यादी उघडली, सामू सातला काढलं आणि मित्रयादीत घेतलं. मग माझ्याकडं बघून म्हणाली, “लिहा. मी वाचीन. पण तुम्ही खरं लिहिलंय हे मला कसं कळणार?”



असे आमचे ते दिवस सुरू झाले. मी सकाळी गच्चीत बसून लिहायचो. तिला बघायला गेलो तेव्हा तिच्या काकूनं सांडलेला चहा. ऋजुताच्या जन्माच्या वेळी मी दवाखान्याच्या बाहेर उभा राहून एक अख्खं कॅलेंडर पाठ केलं, ते. आमच्या पहिल्या स्कूटरचं नाव. ती वाचायची, बारीकसं हसायची किंवा हसायची नाही. जेवण झालं की वाळ्याच्या पडद्यावर पाणी मारून मी तांब्या ठेवायचो आणि ती पट्टी बांधून डाव्या कुशीवर वळायची. थोड्या वेळानं पट्टीवरचा हिरवा ठिपका लुकलुकायला लागायचा. खोलीत सगळं हिरवट आणि गार, पाण्याखाली असल्यासारखं. तिच्या पापण्या हलायच्या. मी खुर्चीत बसून बघत राहायचो. तिच्या आत कुठंतरी मी त्या वेळी दारं वाजवत फिरत असेन, एकेका खोलीत परत राहायला जात असेन, असं वाटायचं. कधी बसल्या बसल्या मलाही डोळा लागायचा आणि पावट्याच्या दाण्यांचा पाऊस पडत असलेल्या गल्लीतून आम्ही दोघं स्कूटरवरून जायचो, गाडी रस्त्याला न टेकता.

उठल्यावर ती स्वप्न सांगायची. कारखान्याच्या चिमणीतून साखर उडत होती आणि तुम्ही पांढऱ्या कोटात खाली उभे राहून ती परातीत झेलत होतात. माझ्या आजीशी तुम्ही कन्नडमध्ये बोलत होतात. हळूहळू त्या स्वप्नांत मी लिहिलेलं पक्कं बसायला लागलं. एका दुपारी उठून तिनं आपणहून म्हटलं, आपल्या स्कूटरचं नाव पद्मिनी होतं ना? मी गच्चीत जाऊन रडून आलो.

मग मी एक लबाडी केली. मोठी नव्हती. कोडाईकनालच्या तळ्याकाठी मी तिच्यासाठी गाणं म्हटलं, असं लिहिलं. मला गाता येत नाही. त्या तळ्याकाठी आम्ही हॉटेलवाल्यावरून भांडलो होतो. पण वाटलं, एवढं चालेल. त्या दुपारी झोपेतून उठली ती चेहऱ्यावर वेगळंच काही घेऊन. म्हणाली, “तुमचा आवाज किती थरथरत होता त्या दिवशी.” तिच्या डोळ्यांत पाणी होतं.

मी हादरलो. आणि खोटं कशाला बोलू, मोहही पडला. या बाईच्या मनात मी आता हवा तसा नवरा रचू शकत होतो. गाणारा, वेळेवर घरी येणारा, तिच्या माहेरच्यांशी गोड बोलणारा. कुणाला कळणार होतं? तिलाही सुखच होणार होतं. दोन दिवस मी असा हवेत तरंगत होतो.

तिसऱ्या दिवशी बागेत पाणी घालता घालता तिनं विचारलं, “माझी आई गेली तेव्हा आपण कुठं होतो हो? निपाणीला मी पोचले तेव्हा ती गेलेली होती, एवढं आठवतंय. त्याआधीचं काही येत नाही. त्यात तुम्ही असणार.”

होतो. त्यात मीच होतो.

तीस वर्षांपूर्वीची गोष्ट. ऋजुता तीन वर्षांची, तिला गोवर आलेला. त्रिशला तीन रात्री जागी होती. दुपारी पोर शांत झाली तशी ही अंथरुणावर पडली आणि पडल्या पडल्या झोपली. दीड वाजता माझ्या मोबाइलवर तिच्या मामांचा फोन आला. आईची तब्येत बिघडलीय, लगेच निघा. त्या वर्षात मामांचा असा तिसरा फोन होता, आधीचे दोन्ही पोकळ निघाले होते. मी म्हटलं, अर्धा तास झोपू दे तिला, दोनला उठवतो. निपाणी दीड तासावर. तांब्या ठेवला, फुलपात्र पालथं घातलं आणि जरा पाठ टेकावी म्हणून मीही आडवा झालो.

जाग आली तेव्हा तीन वाजून गेले होते. तिला हलवून उठवलं आणि म्हणालो, आत्ता तीनला फोन आला. शेजारणीकडं पोर सोपवून आम्ही निघालो. साडेतीनला आई गेल्या, तेव्हा आम्ही इचलकरंजीही ओलांडली नव्हती. फोनमधली नोंद मी वाटेत पुसून टाकली. मामांनी पुढं कधी विषय काढला नाही, आणि आता मामाही नाहीत. त्यानंतर पाच महिने त्रिशला माझ्याशी कामापुरतंच बोलली. आई गेल्याचं दुःख, असं सगळे म्हणाले. मीही तेच म्हणालो.

आता मला तीन वाटा होत्या. काहीच न लिहिणं. तीनला फोन आला असं लिहिणं, म्हणजे निघालो तेव्हाच उशीर झालेला होता, कुणाचा दोष नाही. किंवा दीड. दीड लिहिलं तर तिला कळणार की ती वेळेत पोचू शकली असती. आईचा हात तिच्या हातात आला असता.

चार दिवस मी दुसरंतिसरंच काहीतरी लिहीत राहिलो. ऋजुताला फोन करून गोलगोल विचारलं, की एखादी गोष्ट आईला आठवली नाही तर बरंच आहे, अशी असेल तर? ती म्हणाली, बाबा, ते ठरवणारे तुम्ही कोण? पोरगी आईवर गेलीय.

पाचव्या सकाळी मी सगळं लिहिलं. दीड वाजता. मी झोपलो. मी खोटं सांगितलं. शेवटी हेही लिहिलं, की कोडाईकनालला मी गायलो नव्हतो, आपण भांडलो होतो. लिहून झाल्यावर पाठवायचं बटण दोनदा चुकलं.

तिनं ते स्वयंपाकघरात उभ्यानं वाचलं. आमटी उतू चालली होती, ती मीच उतरवली. जेवण झाल्यावर मी म्हणालो, आज पट्टी नको. वाचलंस तेवढं बास. झोपेत मुरवायला नको ते. अजून वेळ गेलेली नाही.

“आण ती इकडं,” ती म्हणाली.

तिनं मला एकेरीत कधी काही म्हटलं नव्हतं. तिच्या स्वतःच्याही ते ध्यानात आलं नसावं. पट्टी बांधली आणि डाव्या कुशीवर वळली. मी तांब्या ठेवला. त्या दुपारी मी पाठ टेकवली नाही. खुर्चीतही बसलो नाही, भिंतीला टेकून उभा राहिलो. दीड झाला, दोन झाले. हिरवा ठिपका लुकलुकत होता. तिच्या पापण्यांखाली डोळे भराभर फिरत होते, गाडीच्या खिडकीतून मागं जाणारी झाडं बघावीत तसे. एकदा तिनं हुंदका दिला. मला तिला उठवायचा अधिकार नव्हता. बाहेर अख्खं गाव झोपलं होतं आणि त्या सगळ्यात मी एकटा जागा होतो, तीस वर्षं उशिरानं.

पावणेचारला तिनं डोळे उघडले. पट्टी काढून बाजूला ठेवली, उठून बसली आणि माझ्याकडं पाहिलं. तसं तिनं चैत्रापासून पाहिलं नव्हतं. मला क्षणात कळलं, की ती मला बघतेय.

“तुमच्या गालावर उशीचे वळ होते,” ती म्हणाली.

मला काही उमगेना.

“त्या दिवशी, गाडीत. डाव्या गालावर दोन लाल वळ. तीनला फोन घेतलेल्या माणसाच्या गालावर ते कुठून येतील? मला तेव्हाच कळलं होतं तुम्ही झोपला होता ते. किती वाजल्यापासून, एवढंच माहीत नव्हतं. आईच्या दुःखात मी पाच महिने गप्प होते होय? तुम्ही आज सांगाल, उद्या सांगाल म्हणून गप्प होते. मग सोडून दिलं.”

उशीचे वळ मी लिहिले नव्हते. मला ते ठाऊकच नव्हते, कसे लिहीन? आरशात न बघता निघालेला माणूस मी. ही आठवण माझ्याकडून गेलेली नव्हती. ती तिची होती, तीस वर्षं तिच्याजवळ होती, आणि तिच्या तिलाच परत सापडली होती.

मग ती बोलत सुटली. आईनं दिलेलं शिलाईचं मशीन मी तिला न विचारता कारखान्यातल्या एका शिपायाला देऊन टाकलं, ते. बारशाला आईला पंख्याखालची खुर्ची दिली नाही, ते. मिरज स्टेशनवर तिला आणि पोरीला दोन तास बसवून ठेवलं, ते. यातलं एकही मी धाग्यावर लिहिलं नव्हतं, निम्मं तर मी स्वतः विसरलो होतो. एकामागून एक, कुठून कुठून ओढून ती बाहेर काढत होती, आणि प्रत्येकात मी होतो. वाईट होतो, पण होतो. मी मान खाली घालून ऐकत होतो. मला तिच्यापुढं फार लाज वाटत होती आणि त्याच वेळी इतकं सुख होत होतं, की ते चेहऱ्यावर दिसू नये म्हणून मी दात आवळून धरले होते.

शेवटी ती दमली. तांब्यातलं पाणी प्यायली, तोंड पुसलं.

“दीड तास,” ती म्हणाली. “आता बाहेर जाऊन बसा. मला तुमच्याशी बोलायचं नाही.”

“किती दिवस?”

“ते मी ठरवीन.”

मी पडदा सारून बाहेर आलो आणि पायरीवर बसलो. फरशी तापलेली होती, चपला आत राहिल्या होत्या. चारचा भोंगा झाला, एकेक दार उघडायला लागलं, समोरचे पाटील जांभया देत अंगणात आले आणि उन्हात असा का बसलोय म्हणून विचारायला लागले. मी म्हणालो, काही नाही, बायको रागावलीय.